घुशी, कबुतरं आणि स्वस्तातली एअर रायफल: घ्यावी का, आणि कशासाठी?

कोलशेतकर
मुरबाडजवळ आमची थोडी जमीन आहे. कलमं आणि एक पत्र्याची शेड. शेडमधल्या भाताच्या पोत्यांची घुशींनी पार वाट लावलीय. इकडे ठाण्यात कबुतरांनी ड्राय बाल्कनी घाण करून टाकलीय आणि आईला दमा आहे. एक एअर रायफल घेतली की दोन्हीकडचा प्रश्न सुटेल असं माझं स्पष्ट मत आहे. बजेट बारा-पंधरा हजार. पॉइंट बावीस (०.२२ इंच नळीची) घ्यावी म्हणतोय, छर्रा जड असतो, एका फटक्यात काम होतं. जमलं तर शेतावर ससा, तितर. बोला.

छर्रेवाला_ठाणे
पॉइंट बावीस आधी डोक्यातून काढा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत, आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तरच परवाना लागत नाही. पॉइंट बावीसची ताकद कितीही कमी असली तरी ती या मर्यादेबाहेर जाते. दुकानदार 'चालतं हो साहेब' म्हणेल, पण उद्या चौकशी झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

खोक्यावरच्या 'हजार एफपीएस'लाही (छऱ्याचा वेग, सेकंदाला हजार फूट) भुलू नका. छऱ्याचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, की ऊर्जा फूट-पाउंडमध्ये मिळते, तिला १.३५६ने गुणलं की ज्यूल. ८ ग्रेनचा छर्रा ८०० फुटांच्या वेगाने सुटला तर साधारण साडेपंधरा ज्यूल होतात. तोच हजारने सुटला तर २४ ज्यूल, म्हणजे बंदूक मर्यादेबाहेर. त्यामुळे हजारचा आकडा एकतर अगदी हलक्या छऱ्यावर काढलेला असतो, नाहीतर बंदूक बिनपरवान्याची राहत नाही.

तुमच्या बजेटमध्ये नळी मोडून भरायची देशी स्प्रिंगची बंदूक चांगली येते. पीसीपीच्या (आधी पंपाने दाबाची हवा भरून ठेवायच्या बंदुकीच्या) नादी लागू नका, तिच्या पंपाचा खर्च वेगळा. स्प्रिंगची बंदूक चाप ओढल्यावर आधी मागे आणि मग पुढे झटका देते. दस्ता आवळून धरला की नेम गेलाच. पुढचा हात उघडा ठेवा, दस्ता तळव्यावर नुसता टेकू द्या आणि दर वेळी त्याच जागी टेकू द्या. हा दुहेरी झटका साध्या स्कोपच्या काचा हलवतो, म्हणून स्कोप घ्यायचाच तर एअर रायफलसाठी बनवलेला घ्या. छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा, अचानक मिटली तर बोटं जातात. छर्रा न भरता चाप ओढू नका, आत पिस्टन आपटतो.

खाडीकाठची
बंदूक कुठली याच्याआधी कशावर रोखणार ते बघा. ससा आणि तितर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि बंदूक सरकारजमा. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला (यादीतला) प्राणी असेल तर शिक्षा आणखी मोठी. कावळा, उंदीर, वटवाघूळ असलेली उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूचीही २०२२च्या दुरुस्तीत गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर सरकारला अधिसूचना काढावी लागते. 'कावळ्याला मारलं तर काय बिघडतं' हे जे सर्रास बोललं जातं, ते आता चालत नाही.

कबुतरांचं म्हणाल तर बाल्कनीतून छर्रा सोडायचा विचारच सोडा. नेम चुकलेला छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो. समोरच्या टॉवरमध्ये कुणीतरी कपडे वाळत घालत असतं, खाली मुलं खेळत असतात. कुणाचा डोळा गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागेल, पण डोळा परत येणार नाही. जाळी लावून घ्या आणि सोसायटीत दाणे टाकणं बंद करा. दाणे पडत राहिले तर दहा कबुतरं मारलीत तरी वीस येतील. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा वाद झाला, त्याच्या मुळाशीही दाणे टाकणंच होतं.

मुरबाडी_शिवार
ताई, कबुतरांचं पटलं. पण घुशींबद्दल शहरातली माणसं फार पटकन 'मारू नका' म्हणतात. घूस काय करते ते शेडमध्ये येऊन बघा. एका रात्रीत पोत्याच्या तळाला हात जाईल एवढं भोक पाडते, बांध पोखरते, आणि वर लेप्टोची भीती. आम्ही काय करावं? विषाच्या वड्या टाकल्या तर घूस तीन-चार दिवस तडफडत मरते, आणि तिला खाऊन गव्हाणी घुबडही मरतं. गोंदाच्या पाट्यावर अडकलेली घूस रात्रभर ओरडते, ते मी कानाने ऐकलंय. त्यापेक्षा जवळून नीट नेम धरून एक छर्रा डोक्यात बसला तर तिचे हाल कमी होतात. मुंबई महापालिका रात्रीच्या वेळी उंदीर मारायला माणसं ठेवते, ती काठीने मारतात. तेव्हा कुणी बोलत नाही.

खाडीकाठची
दादा, विषाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि घुबडाची आठवण काढलीत म्हणून बरं वाटलं. पण 'नीट नेम धरून' हेच तर अवघड आहे. रात्री, टॉर्चच्या उजेडात, पळणाऱ्या घुशीच्या डोक्यावर नवखा माणूस नेम धरणार? छर्रा पोटात बसला की ती बिळात जाऊन तशीच तडफडत मरणार, आणि तुम्हाला कळणारही नाही. जखमी प्राणी मागे सोडणं मला कुठल्याही कारणासाठी मान्य नाही. लोखंडी पिंजरा लावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, शेडभोवती सिमेंटचा पट्टा घाला.

मुरबाडी_शिवार
सिमेंटचा पट्टा घालायला बारा हजारांत भागत नाही. आणि एकदा पिंजऱ्यात अडकलेली बघितली की बाकीच्या घुशी त्याच्याजवळ फिरकत नाहीत. माझं मत बदललेलं नाही. शिकलेल्या हातात, स्वतःच्या जागेत बंदूक चालते. रानडुकराला मात्र तिने हात लावू नका. ते नुसतं जखमी होईल आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर जाईल. त्यासाठी वन खात्याकडे अर्ज करायचा.

छर्रेवाला_ठाणे
मी दोघांच्या मधे नाही, ताईंच्या बाजूला आहे, पण कारण वेगळं. एअर रायफल ही मुळात नेमबाजीची वस्तू आहे. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या रायफलींची ताकद तुम्ही बघताय त्या स्प्रिंगवाल्यांच्या निम्म्याच्या आसपास असते, तरी छर्रा छऱ्यावर बसतो. नवी मुंबईकरांसाठी पनवेलला ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी आहे. कोलशेतकर, सरळ शिकायला जा. शेडमध्ये बंदूक न्यायचीच असेल तर माझी अट एकच. पंधरा मीटरवर पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, तेही रोज, बसत नाहीत तोवर जिवंत प्राण्यावर रोखायची नाही. आणि मागे मातीचा ढीग हवा, पत्रा नाही. पत्र्यावरून छर्रा उलटा तोंडावर येतो.

कोलशेतकर
ससा-तितर रद्द. कबुतरांसाठी जाळीवाल्याला उद्या फोन करतो. पॉइंट बावीसही रद्द, परवान्याचं हे मला माहीत नव्हतं. घुशींबाबत मात्र मुरबाडी दादांचं पटतंय. आधी कोठी आणि पिंजरे करून बघतो, पावसाळ्यानंतर ठरवतो. ०.१७७मध्ये सरावासाठी गोल टोकाचे छर्रे घ्यावेत की चपटे?

छर्रेवाला_ठाणे
कागदावर दहा मीटरला चपटे. भोक स्वच्छ गोल पडतं, गुण मोजता येतात. त्यापुढच्या अंतराला गोल टोकाचे. दोन-तीन वजनांच्या डब्या आणा, प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो. आणि छर्रे शिशाचे असतात, हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नका.

खाडीकाठची
कोठी केलीत की फोटो टाका. आणि शेडच्या आढ्याला घुबडासाठी एक लाकडी खोका लावून बघा, विष बंद केलंत तर येईल.