आरबीआयने सरकारला २.६८ लाख कोटी दिले म्हणजे नोटा छापूनच ना?

कट्टेकरी_सांगली: काल पारावर जाम वाद झाला. आमचे काका म्हणतात मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला २,६८,५९० कोटी दिले, घरचीच प्रेस, छापा आणि द्या. मी म्हटलं असं असतं तर बजेटात तूट कशाला राहिली असती, पण पुढे काय बोलायचं सुचेना. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारी ते जून रेपो (आरबीआय बँकांना ज्या व्याजदराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला तरी माझा होमलोनचा हप्ता जिथल्या तिथे. कोणी नीट सांगा, राजकारण नको.

जुना_लेजर: नोटा छापणं हा आरबीआयचा खर्च आहे हो, कमाई नाही. त्यांच्याकडे परदेशी बॉण्ड आहेत, आपल्या सरकारचे रोखे आहेत, त्यावर व्याज येतं, आणि समोर देणं काय तर बरंचसं तुमच्याआमच्या खिशातल्या नोटा, ज्यावर ते दमडी व्याज देत नाहीत. असा धंदा कोणाला नको! त्यात २०२४-२५ ला रुपया घसरायला लागला तेव्हा तो सावरायला यांनी धो धो डॉलर विकले, वर्षानुवर्षं स्वस्तात घेऊन ठेवलेला डॉलर ८५-८६ ला गेला की मधला फरक नफ्यात. तरतुदी वगैरे करून उरेल ते सरकारला द्यायचं हे आरबीआय कायद्याच्या कलम ४७ मध्येच आहे.

मधला_खिसा: म्हणजे रोख्यांवरचं व्याज सरकार देणार आणि तेच फिरून सरकारकडे 😄

जुना_लेजर: तेवढ्या भागापुरतं हो.

उलटतपासणी: काका अगदीच चूक नाहीत पण. सरकार ते पैसे खर्च करतं तेव्हा बँकांमध्ये नवे रुपये येतातच. फक्त डॉलर विकताना आरबीआयने बाजारातून रुपये ओढून घेतलेले असतात हे काका विसरतात. माझा आक्षेप वेगळाय. २०२२-२३ चे मिळाले ८७,४१६ कोटी, पुढच्या वर्षी एकदम २,१०,८७४. डॉलरच्या नफ्यावर घर चालवायचं म्हणजे आंब्याच्या मोहरावर लग्न काढण्यासारखं. आणि २०२५-२६ च्या बजेटात नुसतं व्याजच १२.७६ लाख कोटी धरलंय, त्यापुढे हे किती पुरणार.

जुना_लेजर: मान्य, पण अडचणीसाठीची गंगाजळी त्यांनी यावेळी ताळेबंदाच्या ६.५ वरून ७.५ टक्के केली, ७६ लाख कोटींच्या ताळेबंदात एक टक्का म्हणजे बघा किती. ओरबाडून दिलं असं नाही म्हणता येणार.

कट्टेकरी_सांगली: आणि माझा हप्ता??

मधला_खिसा: लोन रेपोला जोडलेलं आहे का एमसीएलआरला (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) ते आधी बघ. रेपोवालं असेल तर बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून महिने कमी करतात. ३० लाख, २० वर्षं, साडेआठचं साडेसात झालं तर पस्तीसेक महिने उडतात. हप्ताच कमी हवा असेल तर अर्ज दे.

कट्टेकरी_सांगली: आत्ता ॲपवर बघितलं, १८६ चे १६४ महिने झालेत की राव, मेसेज आला असणार, मी जाहिरात समजून उडवला. काकांना ते डॉलरचं सांगतो उद्या, ऐकतील असं वाटत नाही.