विषय: बाबांच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी बॉडी शॉप (शुक्रवारपर्यंत कळवावे लागेल)

सप्रेम नमस्कार,

नवले पुलाच्या उतारावर टेम्पोने बाबांच्या गाडीला धक्का दिला, ती हकीकत मागच्या पत्रात आलीच आहे. विमा कंपनीचे सर्व्हेअर पाहणी करून गेले. डिकीचे दार, मागचा बंपर आणि डाव्या बाजूचा पत्रा बदलायचा, याबाबत कोणाचेही दुमत नाही. मात्र त्या धक्क्याने गाडी दुभाजकावर चढली तेव्हा खाली बॅटरीची पेटी खरवडली गेली आहे, आणि ती उतरवून तपासल्याशिवाय पत्र्याला हात लावणार नाही, असे कंपनीचे अधिकृत केंद्र म्हणते. त्यात महिना-दीड महिना सहज जाईल. आमचे कोथरूडचे नेहमीचे गॅरेज दहा-बारा दिवसांत गाडी देतो म्हणते. कॅशलेस दोन्हीकडे आहे. बाबांचा कल अर्थातच कोथरूडकडे आहे. मी इथून काय सांगावे?

विनया

---

विनया,

पत्रा सरळ करणे हे हातातल्या कसबाचे काम आहे, आणि त्यात कोथरूडचे गॅरेज कदाचित केंद्रापेक्षा सरसही ठरेल. पण प्रश्न पत्र्याचा नाही. बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटरीचा दाब ३०० व्होल्टच्या पुढे असतो. पेटीला बारीक चीर गेली असेल, तर पाणी आत शिरून बिघाड कित्येक आठवड्यांनंतरही उद्भवू शकतो. पुण्याचा पावसाळा लक्षात घ्यावा. म्हणून गॅरेजमालकांना बाबांनी विचारावे, की बॅटरीकडून येणाऱ्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलींचा पुरवठा तोडण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस त्यांच्याकडे आहे काय, आणि इन्सुलेशनचा रोध (म्हणजे वीज बाहेर झिरपत नाही ना, हे) मोजण्याचे उपकरण आहे काय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रंग दिल्यावर तो सुकवण्यासाठी रंगकामाचा बंदिस्त कक्ष, म्हणजे बूथ, साधारण ६० अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा बॅटरी गाडीतच राहणार की उतरवणार? कंपनीने त्यासाठी घालून दिलेली तापमानाची आणि वेळेची मर्यादा त्यांना तोंडपाठ नसली तरी चालेल, पण ती कोठे पाहायची हे माहीत असले पाहिजे. "काही होत नाही हो" असे उत्तर आले, तर गाडी तेथे देऊ नये.

श्रीधर

---

श्रीधरराव,

आपले म्हणणे तांत्रिकदृष्ट्या योग्य असेल, परंतु गॅरेजांची माहिती संकलित करण्याचे काम आपल्या मंडळाने माझ्याकडे सोपवलेले आहे, आणि कोणाकडे जाऊ नये हे सुचवण्यापूर्वी माझी यादी पाहिली असती तर बरे झाले असते. विनया, तुमच्या पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापण्याचे कलम) आहे का, हे कोणीच विचारलेले नाही. नसेल, तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, बॅटरीवरही तेवढाच, आणि गाडी दोन वर्षे ओलांडून तिसऱ्यात असेल तर धातूच्या भागांवर १५ टक्के. उद्या पेटीच बदलावी लागली, तर कोणते बॉडी शॉप स्वस्त हा हिशेब त्यापुढे किरकोळ ठरेल.

मेधा

---

मेधाताईंच्या पत्रावरून आठवले. कात्रजच्या घाटात माझी जुनी पेट्रोलची गाडी ठोकली गेली, तेव्हा मी सर्व्हेअरच्या पाहणीच्या वेळी स्वतः उभा राहून खालच्या बाजूचे फोटो काढायला लावले होते, आणि क्रॉस मेंबर (सांगाड्याचा आडवा दांडा) वाकल्याचे त्यामुळेच कागदावर आले. मंजूर अंदाजपत्रकात नसलेला खर्च मागाहून मागायचा म्हटले की विमा कंपनीशी पुन्हा पत्रव्यवहार आलाच. तेव्हा पेटीवरचा ओरखडा सर्व्हेअरच्या अहवालात आहे का, एवढे विनयाने बाबांना आजच विचारावे. आणि गाडी कोथरूडला न्यायचीच ठरली, तर आमच्या ओळखीचा क्रेनवाला आहे, निम्म्या पैशांत नेईल.

अरविंदकाका

---

काका, क्रेन अजिबात नको. मोटरला जोडलेली चाके ओढताना जमिनीवर फिरली की मोटर वीज निर्माण करते आणि इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यामधला वीज बदलणारा भाग) जळण्याचा धोका असतो. चारही चाके वर राहतील असा फ्लॅटबेडच (सपाट पाठीचा ट्रक) मागवावा लागतो. पॉलिसीत रस्त्यावरील मदतीचे कलम असल्यास त्यात ही दुसरी वाहतूक बसते का, हे आधी विचारून घ्यावे.

श्रीधर

---

सर्वांचे आभार. झिरो डेप आहे. ओरखडा अहवालात नव्हता. काकांचे पत्र वाचून बाबांनी सर्व्हेअरना फोन केला, ते उद्या लिफ्टवर गाडी चढवून पुन्हा पाहणार आहेत. गॅरेजमालकांना बूथविषयी विचारले असता त्यांनी, बॅटरी उतरवण्याची सोय आपल्याकडे नाही, असे सरळ सांगितले, हे मला आवडले. तेव्हा पेटीची तपासणी केंद्रातच होईल आणि तिचा अहवाल लेखी घेऊ. पत्र्याचे काम त्यानंतर दुसरीकडे न्यायला, म्हणजे एकाच दाव्यात दोन कार्यशाळांना, विमा कंपनी लेखी मंजुरी देते का, हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे; न दिल्यास सगळेच केंद्रात होईल आणि बाबा तोवर रिक्षाने फिरतील. मेधाताई, आपली यादी कृपया पाठवावी.

विनया