दहा एकर मिळाले, पण कुणाच्या नावावर?

सायली_वाचते: १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धात अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेले सुमारे २,००० कृष्णवर्णीय ब्रिटिशांच्या आसऱ्याने आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात आले. त्यांना जमिनी मिळाल्या. मग १८२१ मध्ये त्यांतले ९५ जण त्रिनिदादला का गेले? फुकटची जमीन टाकून?

साखळीवाला: फुकटची कसली! जमीन मोजणीत माझी ३० वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

१८१५ पासून हॅलिफॅक्सजवळ प्रेस्टन आणि हॅमंड्स प्लेन्सला कुटुंबामागे ८-१० एकर आखून दिले. मोजणीची साखळी ६६ फुटांची. दहा साखळ्या लांब, दहा रुंद, झाले दहा एकर. नकाशावर चौकोन देखणा दिसतो. पण साखळी खडकावरून नेली काय किंवा कसदार मातीवरून नेली काय, आकडा तोच भरतो. (उतारावर ती आडवी ताणायची असते. कंटाळा केला की तुकडा कमी भरतो, आणि तो कधीच मोजणाऱ्याचा नसतो.) इथे खडक, दलदल, वीतभर आंबट माती. आधी झाडं तोडा, खुंट उपटा, दगड वेचा. त्यात १८१६ चा उन्हाळा थंडीनेच खाल्ला. पोट भरलं ते लाकडं, झाडू, टोपल्या हॅलिफॅक्सच्या बाजारात विकून.

त्याच युद्धातून सुटलेल्या ज्यांना त्रिनिदादला उतरवलं, त्यांना १६ एकर मिळाले होते. शिवाय सरकारलाही हे लोक इथून जायला हवेच होते.

सायली_वाचते: मग सगळेच का नाही गेले?

साखळीवाला: त्रिनिदादमध्ये तेव्हा गुलामगिरी चालूच होती. एकदा सुटलेला माणूस परत त्या बेटावर पाय ठेवेल?

जुनी_दप्तरं: एक राहिलं. हातात मालकीचा कागद नव्हता, नुसता वहिवाटीचा परवाना. त्यामुळे जमीन विकून दुसरीकडे चांगली घ्यायचीही सोय नाही.

साखळीवाला: बरोबर, खरं दुखणं तेच. पुढे बापाने मुलांना तोंडी वाटून दिलं, हद्द म्हणजे ओढा नाहीतर दगडांची रास. असल्या जमिनींसाठी १९६३ मध्ये प्रांताला वेगळा कायदा करावा लागला. तरी गुंता सुटला नाही, म्हणून २०१७ मध्ये मोजणी आणि वकिलाचा खर्च सरकारने उचलायची योजना आली. आम्ही मोजणीवाले खुंट्या ठोकून संध्याकाळी घरी जातो. प्रेस्टनला पणतू-खापरपणतू अजून त्या खुंट्या शोधताहेत.