गोल्डबर्गरला ऑलिंपिक सुवर्ण नाही, तरी ऑस्ट्रियात एवढं नाव कसं?

प्रश्न:
स्की जंपिंगमध्ये (बर्फाच्या उतारावरून स्कीवर लांब उडी) ऑस्ट्रियाचा श्लिरेनझाउअर वर्ल्ड कपच्या ५३ वैयक्तिक स्पर्धा जिंकून निवृत्त झाला. त्याचाच देशबांधव मॉर्गेनस्टर्नने २००६ मध्ये अवघ्या ०.१ गुणाने ऑलिंपिक सुवर्ण नेलं. आंद्रेआस गोल्डबर्गरच्या नावावर वैयक्तिक ऑलिंपिक पदक एकच, लिलेहामर १९९४ चं कांस्य. तरी ‘गोल्डी’ म्हटलं की तिकडे सगळे ओळखतात. आणि उडीत २०० मीटर पहिल्यांदा त्यानेच ओलांडले असतील, तर विक्रम फिनलंडच्या निएमिनेनचा कसा?

हिमरेषा:
आधी विक्रमाचं. १७ मार्च १९९४, स्लोव्हेनियातलं प्लानित्सा. गोल्डबर्गर २०२ मीटरवर उतरला, पण हात बर्फाला लागले. उडी उभ्याने पूर्ण व्हावी लागते. हात टेकला की ती पडल्यातच जमा, मग अंतर कितीही असो. त्याच दिवशी निएमिनेनने २०३ मीटरची उडी स्वच्छ उतरवली, म्हणून मान त्याचा.

हात का टेकतात? उतार खाली जाता जाता सपाट होत जातो. जितकं लांब जाल तितका जमिनीशी होणारा कोन मोठा, म्हणजे त्याच वेगात पायांवर येणारा दाब जास्त. गुडघे दबतात, वजन मागे जातं आणि हात आपोआप खाली येतात. एक पाय पुढे ठेवून नीट उतरणं, म्हणजे टेलिमार्क करणं, तर तिथे फारच अवघड.

टेकडीवाला:
पदकं मोजत बसलात तर त्याची लोकप्रियता कळायची नाही. वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद तीनदा (१९९२-९३, १९९४-९५, १९९५-९६), फोर हिल्स (चार टेकड्यांवरची मालिका) दोनदा, १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या कुल्मवर स्की फ्लाइंगचं, म्हणजे सर्वात मोठ्या टेकड्यांवरच्या उड्यांचं, जगज्जेतेपद. मोठा पल्ला एका उडीत नाही, अख्ख्या हंगामात दिसतो. आणि तेव्हा लोक हंगामभर टीव्हीसमोर बसायचे. १९९७ मध्ये कोकेन प्रकरणात बंदी आली, तरी प्रेक्षकांनी त्याला टाकलं नाही.

वाराबिरा:
निवृत्ती २००५ ची, पण चेहरा पडद्यावरून गेलाच नाही. ओआरएफ या ऑस्ट्रियन वाहिनीसाठी तो हेल्मेटवर कॅमेरा लावून स्वतः उडी मारू लागला. त्यामुळे प्रेक्षकाला इनरनच्या (वेग घेण्याच्या उताराच्या) रुळातून, उडीच्या टोकावरून थेट खाली दिसू लागलं. हे सोपं काम नाही. डोक्यावरचा भार थोडासा असला तरी हवेचा प्रवाह बदलतो, आणि टोकावरून सुटताना मान जरा वर गेली की शरीर पुढे झुकायला उशीर होतो. माझ्या मते त्याची आजची ओळख निम्मी याच उड्यांची आहे.

हिमरेषा:
एक राहिलं. वैध विश्वविक्रमही त्याच्याकडे होता: १८ मार्च २०००, प्लानित्सा, २२५ मीटर. २००३ मध्ये तो मागे पडला. म्हणजे ‘पहिले २०० मीटर’ हुकले ते फक्त हातांमुळे, अंतरामुळे नव्हे.