सोलापूरच्या उन्हाळ्यात गोठवलेल्या चिकनचा बर्फ कसा सोडवावा?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे रविवारी चिकन ठरलेले असते. परंतु त्या दिवशी दुकानापुढच्या गर्दीत उभे राहायला कोणालाच सवड नसल्यामुळे अलीकडे मी गोठवलेल्या चिकनचे किलोचे पाकीट आधीच आणून फ्रीझरमध्ये ठेवते. शनिवारी झोपताना पाकीट ओट्यावर काढून ठेवायचे आणि सकाळी बर्फ सुटला की तुकड्यांना हळद-मीठ लावायचे, ही सासूबाईंची पद्धत आहे. थंडीत त्यात काही वावगे वाटले नव्हते. पण सध्या रात्री दहा वाजताही ओट्याचा कडप्पा हाताला कोमट लागतो आणि गेल्या रविवारी पाकिटात साचलेल्या लालसर पाण्याला किंचित वास येत होता. चिकन बाहेर किती वेळ ठेवलेले चालते? गरम पाण्यात ठेवून बर्फ लवकर सोडवावा का? आणि बर्फ सुटलेल्या चिकनपैकी निम्मे उरले, तर ते पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवता येते का?

अन्नतंत्र_शिक्षक

ताई, रात्रभर ओट्यावर ठेवणे आजपासूनच थांबवावे, हे आधी स्पष्ट लिहितो. कच्चे चिकन फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि आसपासचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दोन तासांची सवलत सोलापूरकरांसाठी नाहीच, असे समजावे.

यामागचे कारण असे, की गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कच्च्या कोंबडीत नेहमी आढळणारे जिवाणू आहेत. साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो आणि मनासारखी ऊब मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. ओट्यावरच्या पाकिटाचा गाभा दगडासारखा गोठलेला असतानाच बाहेरचा थर या पट्ट्यात येऊन पोचतो आणि गाभ्याचा बर्फ सुटेपर्यंत तासन्‌तास तिथेच राहतो. गरम पाण्यात तर हे आणखी झपाट्याने होते, म्हणून तोही मार्ग नको.

सर्वांत निर्धोक जागा म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा, मात्र फ्रिज ४ अंश किंवा त्याहून थंड असला पाहिजे. किलोच्या पाकिटाला जवळजवळ एक दिवस लागतो, हे धरून शनिवारी सकाळीच ते फ्रीझरमधून खाली उतरवावे. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खाली जो चिलर ट्रे असतो, त्यात ठेवू नये. तिथे दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच कडक सापडतो. आपल्या फ्रिजमध्ये खालचा कप्पा म्हणजे बहुधा भाजीच्या खणावरची काच असते. तिच्या कडेने ओघळलेले पाणी थेट कोथिंबीर-काकडीवर पडते आणि काकडी तर आपण कच्चीच खातो. म्हणून पाकीट खोलगट पातेल्यात ठेवावे, ताटात नव्हे.

फ्रिजमध्येच बर्फ सुटलेले चिकन एक-दोन दिवस तिथे राहू शकते आणि न शिजवता पुन्हा गोठवताही येते. फक्त त्याचे पाणी सुटून ते थोडे चिवट होते. गार पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये बर्फ सोडवला असेल, तर मात्र ते लगेच शिजवावे आणि उरलेले गोठवायचे असल्यास शिजवूनच गोठवावे.

रस्सा_आणि_कडक_भाकरी

आपले म्हणणे शास्त्रानुसार बरोबर असेलही. परंतु आमच्या घरात वर्षानुवर्षे चिकन बाहेरच काढून ठेवतात आणि कोणी आजारी पडल्याचे आठवत नाही. शिवाय रस्सा चांगला अर्धा तास रटरटतो. एवढ्या उकळीत कोणता जिवाणू तग धरेल?

अन्नतंत्र_शिक्षक

शंका रास्त आहे. गाभ्यापर्यंत ७४ अंश तापमान गेले, की जिवाणू मरतात आणि उकळत्या रश्शात तुकडे ते तापमान सहज गाठतात. तरीही दोन गोष्टी उरतात. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे काही जिवाणू वाढताना विष सोडतात आणि हे विष उकळूनही नाहीसे होत नाही. दुसरे म्हणजे, रस्सा रटरटण्याआधी तेच चिकन हात, विळी, नळाची तोटी आणि सिंक या सगळ्यांना लागून गेलेले असते. नळाखाली धार सोडून चिकन धुणे तर टाळावेच, कारण शिंतोडे शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात. धुतल्याशिवाय मनाला बरे वाटत नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हळूच धुवावे आणि नंतर सिंक, ओटा व हात साबणाने स्वच्छ करावेत. घरात कोणी आजारी पडले नाही म्हणता, पण ‘काल जरा पोट बिघडले होते’ याचा संबंध आपण परवाच्या जेवणाशी सहसा जोडत नाही.

जुळे_सोलापूरकर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. पाहुणे अचानक आले, तर एक दिवस थांबता येणार नाही. गार पाण्यात ठेवायचे, तर आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापलेले असते. शिवाय वीज गेली तर काय करावे?

विजापूर_रोड_गृहिणी

ताई, आमचीही पाण्याची परिस्थिती तुमच्यासारखीच आहे, म्हणून मी नळाच्या पाण्याऐवजी दोन-तीन ट्रे बर्फ आणि फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या वापरते. पाकीट गळके नाही याची खात्री करून ते आणखी एका घट्ट पिशवीत घालावे, पातेल्यात पूर्ण बुडवावे आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. अर्धा किलोला साधारण तासभर लागतो. माठातले पाणी प्यायला गार लागते, पण मे महिन्यात या कामाला ते पुरत नाही. त्यात बर्फ घालावाच लागतो. बदललेले पाणी वाया घालवायचे नसेल, तर ते शौचालयात ओतावे. चिकन आणल्याबरोबर पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या भरून गोठवल्या, तर हा सगळा खटाटोप पुष्कळ कमी होतो, कारण चपटी पिशवी गोळ्यापेक्षा कितीतरी लवकर सुटते. अगदीच घाई असेल, तर सुटे गोठलेले तुकडे थेट उकळत्या रश्शात सोडले तरी चालतात. शिजायला दीडपट वेळ धरावा. अख्खा गोळा मात्र कुकरमध्ये टाकू नये, मधला भाग कच्चा राहू शकतो.

अन्नतंत्र_शिक्षक

विजेविषयी लिहितो. दार उघडले नाही, तर खालचा फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. स्वतंत्र दाराचा फ्रीझर भरलेला असेल तर अंदाजे ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर २४ तास तग धरतो. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या लहान बर्फकप्प्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नये. वीज आल्यावर पाकिटात बर्फाचे कण शिल्लक असतील, तर ते पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही. गावी जाणार असाल, तर वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे वाटीच्या तळाशी गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सगळा बर्फ वितळून पुन्हा जमला, असा त्याचा अर्थ होतो. त्या फ्रीझरमधले चिकन कितीही कडक दिसले, तरी टाकून द्यावे.