साध्या बोलण्यात जड शब्द, टोकावं का?

माझा एक मित्र 'मला वाटतं' म्हणायच्या जागी 'माझं असं प्रांजळ मत आहे' म्हणतो, परवा लिफ्ट बंद होती तर म्हणाला 'उद्वाहन निष्क्रिय आहे', आणि हसत नाही बरं का, एकदम सिरियसली. मी बघतच राहिले. टोकावं की सोडून द्यावं?

> सोडून दे गं. कॉलेजात मीपण असाच होतो, नवीन शब्द सापडला की कुठंतरी खपवायचाच. एकदा सगळ्यांसमोर छाती काढून 'मी या विषयात पूर्ण अनभिज्ञ आहे' म्हणालो, मला वाटायचं त्याचा अर्थ जाणकार 😀 त्या दिवशीच भूत उतरलं.

> मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपेनहायमरचा (अणुबॉम्बवाला नाही) २००६ चा पेपर आहे, उगाच जड शब्द घातले की वाचणाऱ्याला लिहिणारा कमी हुशार वाटतो असं निघालं त्यात. ते लिखाणाबद्दल होतं म्हणा.

> सगळेच जड शब्द वाईट नसतात हां. दिनांक, महापौर हे सावरकरांनी काढलेले, आज कोणी दचकतं का? उद्वाहन मात्र पाटीवरच बरं.

> > अनभिज्ञवाला किस्सा त्याला ऐकवतेच आता 😂