बॅकटेस्टला ३४ टक्के, लाईव्हला जेमतेम एफडी! मोमेंटम सिस्टिममध्ये नक्की काय सुधारू?

सातपूरचा_सिस्टिमवाला:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मोमेंटम (जे चढतंय तेच घ्यायचं) सिस्टिम अगदी साधी आहे. निफ्टी ५०० मधले शेअर, मागच्या १२ महिन्यांच्या रिटर्नवर रँक लावायची, वरचे २० समान पैशात घ्यायचे, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी परत रँक काढायची, जे पहिल्या २० मधून बाहेर गेले ते विकायचे आणि त्यांच्या जागी नवीन आलेले घ्यायचे. बस. ऑप्शन नाही, इंट्राडे नाही, उधारीवर काही नाही. भांडवल साधारण १० लाख. पायथॉनमध्ये कोड मीच लिहिलाय, बॅकटेस्ट (सिस्टिम जुन्या भावांवर चालवून बघणं) २०१२ पासूनच्या डेटावर ३४ टक्के सीएजीआर (सरासरी वार्षिक वाढ) आणि सगळ्यात मोठा ड्रॉडाऊन (वरच्या टोकापासूनची घसरण) २२ टक्के दाखवतो.

आता लाईव्हचं सांगतो. २०२४ च्या सुरुवातीला मस्त चाललं होतं, ऑफिसातले दोघंतिघं मला शेअर विचारायला लागले होते 😀 मग सप्टेंबर २०२४ नंतर मार्केट जे घसरलं त्यात निफ्टीपेक्षा माझं जास्त गेलं, आणि त्यानंतर निफ्टी सावरला तरी माझं गाडं अजून रडतखडतच चाललंय. एकूण हिशोब केला तर एफडीएवढंच सुटतंय.

मी आरएसआय, एडीएक्स आणि सुपरट्रेंड या इंडिकेटरचे (भावांवरून काढलेल्या सूचक आकड्यांचे) फिल्टर लावून बघितले, बॅकटेस्ट ३९ वर जातो. १२ महिन्यांऐवजी ७ महिन्यांचा रिटर्न घेतला तर ४१. पण का कोण जाणे मनाला पटत नाहीये. तर प्रश्न असा की अजून कुठला इंडिकेटर लावावा की लाईव्ह रिझल्ट बॅकटेस्टच्या जवळ येईल?

कोल्हापुरी_थिटा:

भावा कशाला २० शेअरचा पसारा मांडतोयस. सरळ सकाळी ९:२० ला स्ट्रॅडल (एकाच भावाचं कॉल आणि पुट दोन्ही ऑप्शन, चढण्यावरचं आणि पडण्यावरचं) विकायची, दोन्ही बाजूला २५ टक्के स्टॉपलॉस, ३ वाजता बंद. दहात सात दिवस पैसे येत्यात. माझ्याकडं २०१९ पासूनचा बँकनिफ्टीचा (बँकांच्या शेअरच्या इंडेक्सचा) बॅकटेस्ट हाय, पायजे तर पाठवतो. कॅशमध्ये, नुसतं शेअर घेऊन, काय मिळतंय रं.

भावकॉपी_भक्त:

इंडिकेटर राहू दे बाजूला. एक प्रश्न आधी, निफ्टी ५०० ची यादी कुठली घेतलीस? आजची डाऊनलोड करून तीच २०१२ पासून वापरलीस ना? माझी खात्री आहे, कारण फुकटात मिळणारी यादी तीच असते आणि ३४ टक्के बरेचदा तिथूनच येतात.

आज जे ५०० शेअर यादीत आहेत ते आजपर्यंत टिकलेले, वाढलेले शेअर आहेत. म्हणजे तुझी सिस्टिम २०१२ साली बसून अशाच कंपन्यांतून निवड करतेय ज्या पुढे मोठ्या होणार हे आपल्याला आज माहितेय. कच्च्या पोरांना नववीतच अडकवायचं, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा आणि मग दहावीचा निकाल शंभर टक्के म्हणून गेटवर बॅनर लावायचा, तसला हा निकाल आहे.

मोमेंटमवाल्यांना हे सगळ्यात जास्त चावतं, कारण बुडणारे शेअर बुडायच्या आधी बरेचदा टॉपलाच असतात. २०१७ चं साल घे. डीएचएफएल, वक्रांगी, पीसी ज्वेलर, तिघंही त्या वर्षी तुफान पळाले होते, १२ महिन्यांच्या रँकिंगने तू त्यातला निदान एखादा तरी नक्की घेतला असतास. डीएचएफएल २१ सप्टेंबर २०१८ ला एका दिवसात ४० टक्क्यांच्या वर पडला आणि २०२१ मध्ये डिलिस्ट झाला (बाजारातून काढला गेला) तेव्हा शेअरहोल्डरच्या हातात शून्य. वक्रांगीला २०१८ मध्ये एका पाठोपाठ एक ५ टक्क्यांची लोअर सर्किट (दिवसभरात भाव पडायची मर्यादा) लागत होती, विकायला लावलेत तरी घेणारा कोणी नाही. असे बुडालेले शेअर बरेचदा आजच्या यादीत नसतात म्हणून तुझ्या बॅकटेस्टने ते कधी घेतलेच नाहीत, आणि तो २२ टक्के ड्रॉडाऊन पण त्यामुळेच इतका गोंडस दिसतोय.

उपाय आहे, फक्त कंटाळवाणा आहे. एनएसईची रोजची भावकॉपी (त्या दिवसाच्या भावांची फाईल) जुनी सगळी मिळते, त्यात त्या दिवशी ट्रेड झालेला प्रत्येक शेअर असतो, मेलेला असो वा जिवंत. दर महिन्याला त्या तारखेच्या आधीच्या ६ महिन्यांच्या सरासरी टर्नओव्हरवर (उलाढालीवर) वरचे ५०० काढायचे, झाला तुझा त्या काळातला युनिव्हर्स, म्हणजे निवडायची यादी. निफ्टी ५०० शी तंतोतंत जुळणार नाही, जुळायची गरजही नाही. ईटीएफ (शेअरसारखे बाजारात मिळणारे फंड) मात्र काढून टाक नाहीतर गोल्डबीज हा सोन्याचा ईटीएफ रँकिंगमध्ये येऊन बसतो, त्यांचा आयसिन (ओळख क्रमांक) आयएनएफ ने सुरू होतो आणि शेअरचा आयएनई ने, तेवढ्यावर फिल्टर होतं.

आणि भाव ॲडजस्ट करताना बोनस-स्प्लिटवर थांबू नकोस, डीमर्जर पण बघ. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा १९ जुलै २०२३ चा बंद भाव २८४१.८५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खास सत्रात भाव ठरला २५८०. कच्च्या डेटात ही ९ टक्क्यांची पडझड दिसते, प्रत्यक्षात एक रुपया कोणाचा गेला नव्हता.

सातपूरचा_सिस्टिमवाला:

बरोबर ओळखलंत भक्तसाहेब, यादी आजचीच आहे. डीएचएफएल माझ्या डेटात सापडतच नाही, आत्ता बघितलं 🤦

अजून एक विचारतो. शुक्रवारी मार्केट बंद झाल्यावर मी रँक काढतो आणि बॅकटेस्टमध्ये त्याच शुक्रवारच्या क्लोजला खरेदी-विक्री धरलीय. प्रत्यक्षात माझी फर्स्ट शिफ्ट असते, मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे सोमवारी तीनला सुटलो की कंपनीच्या बसमध्ये बसून सव्वातीन ते साडेतीनच्या मधे सगळ्या ऑर्डरी टाकतो. याने फार फरक पडतो का?

नागपूरची_क्वांट:

पडतो ना भाऊ! क्लोज झाल्यावर कळलेल्या भावाने रँक काढायची आणि त्याच क्लोजला घेतलं म्हणायचं, म्हणजे सोमवारचा गॅप (शुक्रवारच्या क्लोजनंतर भावात पडलेला फरक) तुमच्या हिशोबात येतच नाही, आणि मोमेंटमच्या शेअरमध्ये हा गॅप बरेचदा आपल्या विरुद्धच असतो कारण त्याच यादीमागे बाकीचे पण लागलेले असतात. तुम्ही सोमवारी क्लोजच्या आसपास घेता ना, मग बॅकटेस्टमध्ये पण सोमवारचाच क्लोज धरा. जसं करता तसंच टेस्ट करा, एवढंच. आणि त्या दिवशी शेअर अप्पर सर्किटला असेल तर घेतला नाही, लोअरला असेल तर विकला गेला नाही असं कोडमध्ये लिहा.

आता खर्चाचं. तुम्ही कुठेच खर्च लिहिला नाही म्हणून मी धरून चालते की कोडमध्ये तो शून्य आहे 🙂 १० लाखांत २० शेअर म्हणजे एकेक ५० हजारांचा. पहिल्या २० मधून निघाला की विकायचा या नियमाने महिन्याला सहज ८ शेअर बदलतात. म्हणजे ४ लाखांची विक्री, ४ लाखांची खरेदी. डिलिव्हरीला एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) दोन्ही बाजूला ०.१ टक्का, झाले ८००. खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्का, ६० रुपये. प्रत्येक विक्रीला डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचा आकार), वर एक्स्चेंजचं, जीएसटी, सगळं धरून महिन्याला हजारच्या आसपास. हे तर दिसतं तरी. न दिसणारं म्हणजे स्लिपेज (धरलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक), निफ्टी ५०० च्या खालच्या निम्म्यात प्रत्येक बाजूला पाव टक्का धरला तरी महिन्याला २ हजार. दोन्ही मिळून वर्षाला ३६ हजार, म्हणजे ३.६ टक्के असेच गेले. आणि वर्षाच्या आत विकलेल्या नफ्यावर जुलै २०२४ पासून १५ चा २० टक्के टॅक्स झालाय तो वेगळाच.

त्यामुळे इंडिकेटर वाढवण्यापेक्षा बफर लावा. घ्यायचा पहिल्या २० मधला, पण विकायचा ४० च्या खाली गेल्यावरच. २१ व्या नंबरवर गेलेल्या शेअरमध्ये एका रात्रीत असं काय वाईट झालं की तो विकावा? अदलाबदल निम्म्यावर येते आणि माझ्या अनुभवात रिटर्न जवळपास तेवढाच राहतो. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० हा इंडेक्स तर वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरला बदलतो. तुमची तुलना पण त्याच्याशी करा, त्याच्या टीआरआयशी (डिव्हिडंड धरून काढलेल्या आकड्याशी), निफ्टी ५० शी नको. सप्टेंबर २०२४ नंतर तो इंडेक्सही निफ्टीपेक्षा बराच जास्त पडला होता, म्हणजे तुमचं जे गेलं त्यातलं बरंचसं स्ट्रॅटेजीचं स्वतःचंच आहे, तुमच्या कोडचं नाही. त्याला फिल्टर लावून दुरुस्त करायला गेलात तर झालेल्या पडझडीवर बेतलेला नियम तयार होईल.

७ महिन्यांचं सांगते. ६ ला किती येतो, ८ ला किती येतो ते बघा. ६, ७, ८, ९ सगळीकडे साधारण सारखंच येत असेल तर ठीक, आणि ७ ला ४१ पण ६ आणि ८ ला २७ येत असेल तर तो ७ विसरून जा. याहून मजेशीर टेस्ट म्हणजे शेवटच्या शुक्रवारऐवजी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या शुक्रवारी रिबॅलन्स (रँक काढून अदलाबदल) करून बघा, बाकी काही बदलू नका. तारखेवर ५-६ टक्क्यांचा फरक आला तर घाबरू नका, पण मग त्यातली सगळ्यात चांगली तारीख निवडू पण नका. पैशाचे चार भाग करा आणि दर शुक्रवारी एक भाग बदला, म्हणजे नशिबाचा हात थोडा कमी होतो आणि बसमध्ये एकदम १६ ऑर्डरी टाकायच्या त्याऐवजी ३-४ च टाकाव्या लागतील.

निवृत्त_काका:

क्वांट ताईंनी उत्तम लिहिलंय. मी थिटा साहेबांसाठी दोन ओळी लिहितो. आपला बँकनिफ्टीचा बॅकटेस्ट वीकली एक्स्पायरीचा (दर आठवड्याला संपणाऱ्या ऑप्शनचा) असणार. ती एक्स्पायरीच १३ नोव्हेंबर २०२४ ला शेवटची झाली, तेव्हा तो डेटा आज कशासाठी वापरणार? लॉट साईझ (एका सौद्यातली किमान संख्या) वाढली, ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ चा ०.१ टक्का झाला, एक्स्पायरीच्या दिवशी शॉर्ट (विकलेल्या) पोझिशनला २ टक्के जादा मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची रक्कम) लागतं. खेळाचे नियमच बदललेत. दहात सात दिवस पैसे येतात हे मान्य, पण उरलेल्या तीन दिवसांत सरासरी किती जातात हे आपण लिहिलं नाहीत. सात वेळा हजार आले आणि तीन वेळा अडीच हजार गेले तर उलट ५०० चा तोटाच होतो, वर खर्च वेगळा. आणि त्या तीनातला एखादा दिवस ४ जून २०२४ निघाला, निकालाचा दिवस, निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के खाली बंद, तर स्टॉपलॉस जिथे लावलाय तिथेच भरेल याची हमी कोणी देत नाही. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा अभ्यास केला त्यात एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) मधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. कॅशमध्ये काय मिळतं म्हणता, निदान झोप मिळते हो.

कोल्हापुरी_थिटा:

काका तुमचं आकडं बरोबर हाईत पण त्या ९३ टक्क्यांतली निम्मी जनता नुसती एक्स्पायरीला लॉटरीगत ऑप्शन घेणारी असत्या, विकणाऱ्यांचा हिशोब वेगळा काढला पायजे. बँकनिफ्टीचं मात्र खरं हाय, आता निफ्टीवर करतोय आणि पहिल्यासारखं प्रीमियम (ऑप्शन विकून मिळणारं पैसं) ऱ्हायलं नाय. असो, ह्या पोराच्या धाग्यात भांडण नको.

सातपूरचा_सिस्टिमवाला:

सगळ्यांचे खूप आभार. शनिवार-रविवार बसून भावकॉपीवर परत सगळं केलं, सोमवारचा क्लोज धरला, खर्च धरला, २०/४० चा बफर लावला, चार भाग केले. टॅक्सच्या आधी ३४ चा १८ झाला आणि ड्रॉडाऊन २२ चा ४३! बायको म्हणाली दोन दिवस खपून कमाई कमी करून आलात 😂 ७ महिन्यांचं पण बघितलं, ६ आणि ८ ला एकदम खाली येतो, उडवला. इंडिकेटर सगळे काढून टाकले.

पण आता खरं सांगायचं तर ४३ बघून पोटात गोळा आला. १० चे ५ लाख ७० हजार होणार आणि तरी मी शुक्रवारी रँक काढून निमूट ऑर्डर टाकत बसणार, हे जमेल असं वाटत नाही. आणि एक तांत्रिक अडचण, काही शेअर मधेच गायब होतात, डिलिस्ट झाले नाहीत तरी. आयसिनवर जोडतोय तरी.

भावकॉपी_भक्त:

फेस व्हॅल्यू स्प्लिट झाला की आयसिन बदलतो, सिम्बल (शेअरचं बाजारातलं छोटं नाव) तेच राहतं. आणि कंपनीने नाव बदललं की बरेचदा सिम्बल बदलतं, आयसिन तोच राहतो. म्हणून दोन्हीवर जोड, आयसिन जुळला किंवा सिम्बल जुळलं तर एकच कंपनी धर, आणि जे उरतील ते हाताने बघ, शे-दोनशेच्या आत असतील. १८ आला म्हणजे कोड आता बऱ्यापैकी खरं बोलायला लागलाय, तरी हे हाताने बघितल्याशिवाय त्यावरही विश्वास ठेवू नकोस.

नागपूरची_क्वांट:

४३ झेपणार नसतील तर सिस्टिमला हात लावू नका, पैसे कमी लावा. १० पैकी ६ लाख यात आणि ४ लाख लिक्विड फंडात किंवा एफडीत, म्हणजे तीच पडझड एकूण पैशावर साधारण २६ ची होते. रिटर्न त्या प्रमाणात कमी होईल, होऊ द्या. ते जमलं की वर्षभराने वाढवायचं बघा. आणि सहा लाखांत चार भाग म्हणजे प्रत्येक भागात २० शेअर ठेवले तर साडेसात हजारांचा एकेक होतो, तिथे डीपी चार्ज जाणवतो, म्हणून भागात १०-१२ च ठेवा, बरेचसे सामाईकच निघतील.

सातपूरचा_सिस्टिमवाला:

६-४ करतो. नाव बदललेल्यांची यादी झाली की कोड इथेच टाकतो, चुका काढा.